बाळंतपणानंतरचा पोटाचा पट्टा : पाठीसाठी घ्या, पोटासाठी नको

मिरजेत हॉस्पिटलांच्या आसपास सर्जिकलची दुकानं आहेत ना, तिथूनच घेतला. इलॅस्टिकचा, पुढं वेल्क्रो, पाठीला प्लास्टिकच्या काड्या. बाळाला घेऊन ओट्यापाशी उभं राहिलं तरी कंबर धरत नाही, त्याचे पूर्ण मार्क. पण दूध पाजायला बसलं की पट्टा वर सरकून बरगडीखाली रुततो, वेल्क्रो गाउनचे धागे ओढतं, आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये आत नुसती पिचपिच, अस्तर तरी सुती द्यायचं की ओ!

दुकानदार म्हणाला, "ताई, आवळून बांधा, पोट आत जातंय बघा." मालिशवाल्या मावशींचंही तेच, फक्त त्यांचं जुन्या लुगड्यावर भागतं. विश्रामबागेतल्या फिजिओ मॅडमनी मात्र उताणं झोपवून, गुडघे दुमडून डोकं जरा उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवली, तर मधल्या फटीत तीन बोटं आरामात, आणि पोट मधोमध उपड्या होडीसारखं वर आलेलं. याला डायस्टॅसिस म्हणतात, साधारण दोन सेंटिमीटरच्या वर अंतर असलं की धरतात. दोन्हीकडचे स्नायू लांब गेलेत, मधला पडदा ताणून पातळ झालाय, पण भोक नाही.

माझ्या जावेला भोक आहे, म्हणजे हर्निया. खोकली की बेंबी टुमकन बाहेर, सोनोग्राफीत पक्कं कळलं. तीपण हाच पट्टा लावून बसलीय, पण ते भोक ना पट्ट्यानं बुजतं ना व्यायामानं, त्याला ऑपरेशनच, आणि अजून मूल हवं असेल तर शक्यतो त्यानंतर करू म्हणाले डॉक्टर. गोळा कडक झाला, दुखायला लागला, आत जाईना, उलट्या झाल्या तर मात्र थांबायचं नाही, तडक कॅज्युअल्टी.

माझी फट कमी झाली ती व्यायामानं. श्वास सोडताना खालचं पोट हळू आत ओढायचं, उठताना कुशीवर वळून उठायचं, सिटअप्स सध्या बंद. पट्टा फक्त कामापुरता, तोही सैलसर, कारण फार आवळला की दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो आणि शिंकताना लघवीचे थेंब गळायचा त्रास वाढू शकतो (हे कुणी बोलत नाही, असतं मात्र बऱ्याच जणींना).

पट्टा घेताना दुकानातच बांधून खुर्चीत बसून बघा, उभ्यानं सगळेच नीट बसतात, आणि एकदा पाकीट फोडलं की बदलून देत नाहीत.