बादली की काचेचा कार्बॉय? किटची बिअर आंबवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

इंग्लंडात राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी घरी बिअर करून पाहायचे मनावर घेतले आहे, त्यांना किट (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, डबाबंद दाट अर्क आणि सोबत यीस्ट) कोणते घ्यावे हा प्रश्न फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो तितका मोठा नसतो. पावणेदोन किलोच्या आसपासचा एक डबा आणि वर किलोभर साखर घ्या, किंवा तीन किलोंचे दोन डब्यांचे किट घेऊन साखरेला फाटा द्या. २३ लिटर पिण्याजोगी बिअर दोन्हींतून होते, आणि पहिले किट नाही आवडले तर पुढच्या वेळी दुसरे आणता येते. आंबवायचे भांडे मात्र घरात येते ते मुक्कामालाच. त्यामुळे अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकची झाकणाची बादली घ्यावी की काचेचा अरुंद गळ्याचा कार्बॉय, याचा विचार किटच्या आधी व्हावा, असे मला वाटते. मी दोन्ही वापरले आहेत आणि आज माझ्याकडे दोन्हींपैकी एकच उरले आहे.

(महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे केवळ माहिती म्हणून वाचावे. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला आणि तेव्हापासून विकायची नाही एवढेच पथ्य उरले. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती घरी करणे हा गुन्हाच आहे, मग ती स्वतःपुरती का असेना.)

आधी काचेच्या बाजूने बोलतो, कारण तिची बाजू लंगडी नाही. यीस्ट टाकल्यावर दुसऱ्या दिवशी कार्बॉयमध्ये जे दिसते ते बादलीत कधीच दिसत नाही: आतला द्रव स्वतःहून घुसळल्यासारखा वरखाली फिरत असतो, वर पिवळट फेसाची जाड गादी चढते आणि त्या फेसावर हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे) चिकट तपकिरी ठिपके जमतात. पुढे फेस बसतो, तळाशी गाळ साचतो आणि बिअर वरून खाली हळूहळू नितळत जाते. आंबवण म्हणजे नेमके काय, हे जितके या काचेतून कळते तितके कुठल्याही पुस्तकातून कळत नाही. शिवाय काचेला चरे पडत नाहीत, वास धरत नाही आणि तिच्यातून प्राणवायू आत झिरपत नाही. प्लॅस्टिकमधून तो थोडाफार झिरपतो. पण किटची बिअर भांड्यात जेमतेम दोन आठवडे राहते, आणि तेवढ्यात त्याचा परिणाम चवीला जाणवल्याचे मला तरी आठवत नाही.

काचेतून प्रकाशही आत जातो, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडले की गंधकाचे एक संयुग तयार होते आणि बिअरला कुबट, नकोसा वास येतो. म्हणून कार्बॉय जाड काळ्या कापडात गुंडाळून किंवा जिन्याखालच्या कपाटात ठेवावा लागतो. म्हणजे ज्या पारदर्शकतेसाठी जास्तीचे पैसे मोजले, तीच चादरीखाली झाकायची. आत डोकावण्यापुरती चादर उचलता येते, हे मान्य.

बिअर घालण्याच्या दिवशी फरक अधिक ठळक होतो. किटच्या सूचना बादली गृहीत धरूनच लिहिलेल्या असतात: डब्यातला काकवीसारखा दाट अर्क भांड्यात ओता, दोन-तीन लिटर उकळते पाणी घाला, साखर विरघळवा, मग थंड पाण्याने २३ लिटरपर्यंत भरा. बादलीत हे सरळ होते. काचेत उकळते पाणी ओतले तर ती तडकण्याची भीती असते, त्यामुळे सगळे आधी मोठ्या पातेल्यात विरघळवून, निववून, नरसाळ्यातून ओतावे लागते. यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. बादलीत लांब दांड्याच्या पळीने दोन-चार मिनिटे जोरात ढवळले की काम झाले. कार्बॉयमध्ये पळी फिरत नाही, आणि भरल्यावर तीस किलोंच्या घरात जाणारी काच कुणी हलवून-गदगदवून फेसाळावी, अशी शिफारस मी करणार नाही.

जागेचेही तसेच. २३ लिटरचा कार्बॉय २३ लिटरने भरला की फेसाला गळ्यातूनच वर यावे लागते. तो एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न येऊ देणाऱ्या, पाणी भरलेल्या छोट्या झडपेत) शिरतो आणि कधीकधी एअरलॉकच उडवून देतो. बादल्या बहुधा २५ ते ३० लिटरच्या असल्याने त्यांत फेसाला चार बोटे तरी जागा उरते. ज्या किटमध्ये काही दिवसांनी टाकायची हॉप्सची पुरचुंडी येते, तिचे तर काचेशी मुळीच जमत नाही: कोरडी असताना गळ्यातून आत जाते, भिजून फुगली की बाहेर यायला तयार होत नाही.

हे सगळे मी सोसले असते. माझा निकाल लागला तो धुण्याच्या वेळी.

फेस खाली बसतो तेव्हा तो जिथवर चढला होता तिथे काचेला एक तपकिरी कडे सोडून जातो. यीस्ट, प्रथिने आणि हॉप्सची राळ यांचा हा थर वाळला की पातेल्याला धरलेल्या दुधाच्या खरवडीसारखा घट्ट बसतो, आणि बसतो नेमका कार्बॉयच्या खांद्याखाली, म्हणजे गळा रुंदावून पोटाला मिळतो त्या वळणाच्या आतल्या बाजूला. हात आत जात नाही. वाकड्या दांड्याचा खास ब्रश मिळतो, पण त्याचे केस समोरच्या भिंतीला टेकतात आणि जिथे कडे आहे तिथे फक्त दांडा घासतो. मग सोडियम परकार्बोनेट ही मळ सोडवणारी पूड घातलेल्या कोमट पाण्याने भांडे काठोकाठ भरून रात्रभर ठेवायचे. कडे वर असल्यामुळे निम्मे भरून भागत नाही. सकाळी ते वीस-बावीस लिटर पाणी ओतून द्यायचे. इथल्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कार्बॉय मावत नाही, म्हणून न्हाणीघरातल्या टबाच्या काठावर ओली, बुळबुळीत, जड काच तोलून धरायची आणि पाणी भकभक करत बाहेर पडेपर्यंत वाट पाहायची. एवढे करून खिडकीच्या उजेडात धरून पाहावे तर कड्याचा बोटभर तुकडा अजून तिथेच. जिथे मळ आहे तिथे निर्जंतुक करणारे द्रावण नीट काम करत नाही, त्यामुळे तो तुकडा ‘असू दे’ म्हणून सोडताही येत नाही. पुन्हा भरा, पुन्हा ठेवा. या कामाच्या धास्तीने मी पुढची बिअर घालायचे लांबणीवर टाकू लागलो. ज्या भांड्यामुळे छंदाचाच कंटाळा येतो ते भांडे माझ्या उपयोगाचे नाही, असे मी ठरवले.

बादलीतही हेच कडे बसते. मऊ स्पंज हातात घेऊन, हात कोपरापर्यंत आत घालून पुसले की ते निघते. त्याविषयी यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

अर्थात बादली निर्दोष नाही. तिचे झाकण बसवताना आणि काढताना अंगठ्यांची परीक्षा होते, आणि इतके करूनही ते पूर्ण हवाबंद बसेलच असे नसते. कडेने वायू निसटतो, एअरलॉक गप्प राहतो आणि नवखा माणूस बिअर मेली असे समजून घाबरतो. बुडबुड्यांवर विसंबूच नये, हायड्रोमीटरवर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या काचनळीवर, विसंबावे. साधारण १.०४० घनतेला सुरू झालेले किट १.०१० च्या आसपास येऊन दोन-तीन दिवस तिथेच स्थिर राहिले, की आंबवण संपले आणि बिअर चार टक्क्यांच्या आसपास गेली असे समजावे. ते स्थिर होण्याआधी बाटल्या भरल्या तर त्या फुटू शकतात. तोटीच्या बादलीतून असा नमुना काढणे फार सोयीचे पडते, पण ती तोटी दर वेळी पूर्ण खोलून धुवावी, कारण तिच्या आत अडकलेला गाळ बाहेरून दिसत नाही. तारेच्या घासणीने बादलीला चरे पाडू नयेत. पडलेच तर त्यांत जंतू घर करतात आणि बादली बदलावी लागते. स्टाउट या काळ्या बिअरचा वासही प्लॅस्टिक काही काळ धरून ठेवते. पुढची बिअर हलक्या चवीची असेल तर संवेदनशील नाकाला तो कदाचित जाणवेल. मला जाणवला नाही.

किमती दुकानागणिक बदलतात, पण एका काचेच्या कार्बॉयच्या पैशांत दोन बादल्या सहसा येतात, आणि त्या दोन घ्याव्यातच. तयार बिअर गाळावरून नळीने अलगद दुसऱ्या बादलीत घेतली आणि लिटरला सुमारे ५ ग्रॅम या हिशेबाने साखरेचा पाक त्यातच मिसळला, की प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर मोजून घालण्याची कटकट वाचते. प्लॅस्टिकचा कार्बॉय हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो. तो हलका आहे, पडला तरी फुटत नाही. पण गळा तोच, खांदा तोच, शिवाय गरम पाण्याने आकार बिघडतो आणि ब्रशने चरे पडतात. मला त्यात दोन्हींचे दोषच अधिक दिसले.

ज्यांना पुढे मधाची किंवा फळांची वाईन करून ती महिनोन्‌महिने मुरवायची आहे, त्यांनी काच जरूर घ्यावी, मात्र ४.५ लिटरचा छोटा डेमिजॉन घ्यावा. तो एका हाताने उचलता येतो आणि भरून ठेवायला बादलीभर पाणी लागत नाही. मोठा कार्बॉय आधीच घरात असेल, कुणी हौसेने भेट दिला असेल, तर तो टाकून द्या असे मी म्हणत नाही. त्यात १९-२० लिटरच भरा, पहिले तीन-चार दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचे टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवा, आणि बिअर काढली त्याच संध्याकाळी, कडे वाळून खडखडीत व्हायच्या आत, तो भिजत घाला.