१० पटीचं भिंग आणि त्याआधीचं ‘३० पटीचं’

माझी तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर जुन्या कपबश्या, ताटल्या, काटे-चमचे जमवायचा नाद लागला. या नादात पहिली खोड लागते ती भांडं पालथं करायची. वर कितीही सुंदर गुलाब असोत, मला आधी बूड बघायचं असतं. बुडावरचे शिक्के मात्र तांदळाएवढे, त्यात पुसटलेले. म्हणून भिंग घेतलं. खरं तर दोन घेतली.

पहिलं ऑनलाइन मागवलं. त्याच्या चौकटीवर ‘३० पट’ असं ठसठशीत कोरलं होतं. वापरताना कडेची अक्षरं वाकायची आणि काळ्या रेषेला जांभळी किनार दिसायची. चार दिवस मी माझ्याच डोळ्यांना दोष दिला. मग पट्टी घेऊन बसले. भिंगाचा हिशेब सोपा आहे: २५० मिलिमीटरला पटीने भागायचं, साधारण तेवढ्या अंतरावर वस्तू स्पष्ट दिसते. खरं ३० पटीचं असतं तर बशी जेमतेम ८ मिलिमीटरवर धरावी लागली असती. माझ्या भिंगातून ती २५ मिलिमीटरवर स्वच्छ दिसत होती. म्हणजे मुळात १० पट, तेही हलक्या काचेचं. खोटे शिक्के ओळखायला आणलेल्या वस्तूवरच खोटा शिक्का! विक्रेत्याला कळवलं, तर ‘आमच्याकडे असंच येतं’ एवढंच उत्तर आलं.

दुसरं ट्रिपलेट आहे, म्हणजे तीन काचा एकावर एक चिकटवलेलं. १० पट, बाजूला छोटा दिवा, आणि जांभळ्या प्रकाशाचा आणखी एक दिवा. हे आलं तेव्हा आधी आलेखाच्या कागदावर धरून पाहिलं. चौकटी कडेपर्यंत सरळ, रंगाची किनार नाही. भिंग घेणाऱ्याने एवढी परीक्षा जरूर करावी, कोरलेल्या आकड्यावर जाऊ नये.

धरायची रीत मला छापखान्यातच माहीत झाली होती. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि बशी वर आणायची. बशीजवळ भिंग धरून वरून डोकावलं तर दमडीएवढा तुकडा दिसतो, मग लोक भिंगाला नावं ठेवतात.

याने पहिल्याच आठवड्यात पैसे फिटले. माझ्याकडे सात सूप प्लेट्स होत्या, ‘एकाच जुन्या सेटच्या’ म्हणून घेतलेल्या. गुलाबाची नक्षी, सोनेरी कड. मुलगी म्हणाली, “आई, सगळ्या सारख्याच दिसतायत की.” सहा प्लेट्सवर बाह्यरेषा छापलेली होती आणि आतला रंग हाताने भरलेला. भिंगाखाली कुंचल्याचा फटकारा दिसतो, पाकळीचा गुलाबी कुठेकुठे रेषेबाहेर सांडलेला असतो, पानाच्या टोकाशी रंग साचून गडद झालेला असतो. सातवी डोळ्यांनी अगदी तशीच, पण भिंगाखाली नुसते ठिपके. निळे, किरमिजी, पिवळे, काळे, नीट फुलासारखे मांडलेले. हे ठिपके मी आयुष्यभर पाहिलेत. भिंग मुलीच्या हातात दिलं. तिने डोळा लावला आणि म्हणाली, “हे तर वर्तमानपत्र!” चार रंगांच्या ठिपक्यांची छपाई म्हणजे आधुनिक डेकल, छापील चित्र भांड्यावर उतरवलेलं. सहाच्या घरात सातवी केव्हातरी घुसवलेली.

इथे सावध राहायला हवं. नुसते ठिपके दिसले म्हणून वस्तू नवी ठरत नाही. जुन्या तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या नक्षीतही छटा ठिपक्यांनीच आणायचे, पण ते एकाच रंगाचे, लहानमोठे आणि हाताने टोचलेले असतात. शिवाय अशी नक्षी कागदावर छापून तो कागद भांड्यावर चिकटवायचे, त्यामुळे कडेच्या पट्टीत कुठेतरी जोड सापडतो. फूल अर्ध्यावर तुटतं आणि पुढे दुसरंच सुरू होतं. तो जोड सापडला की मला एखादी चूक पकडल्यासारखा आनंद होतो.

शिक्के वाचायला १० पट पुरेसं आहे, जास्त लागत नाही. ब्रिटिश भांड्यांवर १८४२ ते १८८३ या काळात नक्षीच्या नोंदणीचा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा शिक्का असे. त्यात वर्षाचं अक्षर असतं, पण जागा महत्त्वाची. १८६७ पर्यंत ते वरच्या कोपऱ्यात, १८६८ पासून उजव्या. म्हणजे ‘ए’ वर असेल तर १८४५, उजवीकडे असेल तर १८७१. आणि पुसट ‘ओ’ला नसलेली शेपटी दिसली तर तो ‘क्यू’ होतो, १८६२ चं १८६६ होतं. हे साल नक्षी नोंदवल्याचं, भांडं भाजल्याचं नव्हे. रॉयल वूस्टर या इंग्लंडमधल्या कारखान्याच्या शिक्क्याभोवती तर १८९२ पासून दरवर्षी एक ठिपका वाढत गेला. ते ठिपके मोजायला हे भिंग नसतं तर मी वेडी झाले असते. ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर १८९१ नंतरचं असं मी धरते, कारण त्या वर्षीपासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. शब्द नसला म्हणून मात्र जुनं ठरत नाही.

शिक्का झिलईच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या, खाली आहे की वर, हेही यातून कळतं. बशी तिरपी केली की वरचा शिक्का प्रकाशात वेगळा चमकतो. वर असला म्हणजे खोटा असं नाही. फ्रान्समधल्या लिमोजच्या भांड्यांवर कारखान्याचा शिक्का झिलईखाली आणि रंगवणाऱ्याचा वर, असे दोन असू शकतात.

चांदीच्या काट्यांवर अनुभव वेगळा. हॉलमार्क एकेका काट्यावर ठोकलेला असतो, त्यामुळे अंतर थोडं मागेपुढे होतं. चार काट्यांवर शिक्के केसभरही न हलता त्याच जागी, आणि शिक्क्यातल्या सिंहाच्या पायाशी तोच एक ओरखडा चारहींवर? मग एका काट्याचा साचा घेऊन बाकीचे ओतलेत. मुलाम्याच्या चमच्यांवर ‘ई पी एन एस’ (म्हणजे निकेल सिल्व्हरवर चांदीचा मुलामा) ही अक्षरं बऱ्याचदा वेगवेगळ्या छोट्या ढालींत ठोकलेली असतात. घाईत पाहिलं की हॉलमार्कच वाटतात.

आता तक्रारी. दिवा जवळजवळ निरुपयोगी: झिलईवर पांढरा डाग पडतो आणि नेमका शिक्काच त्यात बुडतो. मी तो बंद ठेवून खिडकीशी बसते. जांभळा दिवा अशक्त आहे, तरी अंधारात युरेनियम मिसळलेली जुनी काच हिरवीगार पेटवतो. एका टीपॉटच्या दांड्याची बेमालूम डागडुजीही त्यानेच उघडी पाडली, चिकटवलेली रेघ दुधी निळी चमकली. बिजागरीचा स्क्रू महिन्यात ढिला झाला. दोऱ्याचा एक वेढा देऊन पक्का केलाय. बरोबर आलेल्या पाकिटाचा वास अजून गेलेला नाही.

पाचपैकी चार तारे. पाचवा दिव्याने घालवला.

सातवी सूप प्लेट परत केली नाही. आलेखाचा कागद, पट्टी आणि ते ‘३० पटीचं’ भिंग आता तिच्यातच ठेवते.