मागे पडणाऱ्याने कुठल्या टेबलावर नाव द्यावं?

क्लबच्या पूल-स्नूकर स्पर्धेचा कागद फळ्यावर लागला की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "एकाच गटात नाव द्यायचंय, कशात देऊ?" बहुतेक जण सांगतात, ज्यात हात बसलाय त्यात दे. मी उलट विचारतो, पहिले तीन रॅक, म्हणजे डाव, हरलास तर तुझं काय होतं? मी स्वतः उशिरा तापणाऱ्यांतला. अर्धा तास झाल्याशिवाय माझा क्यू (खेळायची काठी) सरळ जात नाही, आणि तोवर मार्करने, म्हणजे गुण लिहिणाऱ्याने, फळ्यावर ०-३ लिहिलेलं असतं. अशा माणसाने खेळ निवडताना दोनच गोष्टी बघाव्यात. हा खेळ मला खुर्चीत किती वेळ बसवून ठेवणार, आणि उठेन तेव्हा टेबलावर माझ्यासाठी काय शिल्लक असणार.

बॅडमिंटनमध्ये समोरचा कितीही भारी असो, शटल तुमच्याकडे येतंच. इथे तो पॉट करत, म्हणजे बॉल भोकात घालत, राहिला तर तुम्ही नुसतं चॉक घासत बसायचं. कॅरममध्ये निदान २२ गुणांवर पोहोचलेल्याला राणीचे तीन गुण मिळत नाहीत, मागच्याला मिळतात. पुढे गेलेल्याचा असा हात धरणारा नियम पूलमध्ये नाही.

नाइन-बॉल मागच्याशी सगळ्यात दिलदार, निदान एका रॅकपुरता. टेबलावरचा सगळ्यात लहान आकड्याचा बॉल आधी लागायला हवा आणि नऊ नंबर पडला की रॅक संपला, एवढाच खेळ. समोरच्याने एक ते आठ ओळीने घातले आणि नऊ चुकवला, तर त्या आठांची किंमत शून्य. तुम्ही उठायचं, एक बॉल घालायचा, रॅक तुमचा. शिवाय एक नंबरवरून नऊ उडवून घातला तरी चालतो, आणि नेहमीच्या नियमांत तुक्काही चालतो. लागोपाठ तीन फाउल झाले की रॅक जातो, त्यामुळे समोरच्याचे दोन झाले असतील तर पिछाडीवरच्याने पॉटच्या मागे न लागता पांढरा बॉल दुसऱ्या बॉलमागे लपवावा, म्हणजे समोरच्याला सरळ मारता येत नाही. फक्त "दोन झालेत" असं त्याला आधी सांगायला विसरू नका. न सांगता तिसरा फाउल मोजता येत नाही.

पण ही दिलदारी दोघांनाही सारखीच. पाच रॅकच्या सामन्यात तुक्का त्याच्या बाजूने दोनदा पडला तर भरून काढायला जागाच उरत नाही. सामना लांबला की चित्र पालटतं. १९९६ साली हाँगकाँगमध्ये फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस आणि अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड यांच्यात आधी १२० रॅक कोण जिंकतो अशी लढत झाली, तीन दिवस चालली. रेयेस एका टप्प्यावर १७ रॅक मागे होता. जिंकला १२०-११७ असा. आपल्या रविवारच्या स्पर्धेत मागे पडणाऱ्याला एवढा ऐसपैस वेळ कोण देणार?

मग प्रश्न येतो ब्रेकचा, म्हणजे रॅकचा पहिला फटका कोणाचा याचा, आणि इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. जिंकलेल्यानेच पुन्हा ब्रेक करायचा असेल तर मागचा संपलाच, असं सगळे म्हणतात. समजा सामना सातचा आहे, म्हणजे आधी सात रॅक घेणारा जिंकणार, तुम्ही २-६ मागे आहात, म्हणजे ओळीने पाच रॅक हवेत. ब्रेक करणारा शंभरात साठ रॅक जिंकतो असं धरू. आलटून-पालटून ब्रेक असेल आणि पहिला तुमचा असेल, तर पाचही जिंकण्याची शक्यता साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. पहिला त्याचा असेल तर सव्वादोनच्या. जिंकणाऱ्याचा ब्रेक असेल तर पहिला अवघड रॅक त्याच्या ब्रेकवर घ्यावा लागतो, पण पुढचे चारही ब्रेक तुमचे, आणि शक्यता पाचाच्या थोडी वर जाते. एक दार फोडलं की पुढची उघडीच. अर्थात हे ब्रेक चांगला असणाऱ्यांसाठी. आपल्या पातळीवर कितीकदा ब्रेकला काहीच पडत नाही आणि सजवलेलं टेबल समोरच्याच्या पुढ्यात जातं. तुमचं तसं होत असेल तर आलटून-पालटून बरं. युरोप-अमेरिका यांच्यातल्या मोस्कोनी कपमध्येही ब्रेक आलटून-पालटून असतो, आणि सामने पाचचे.

एट-बॉलबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण या खेळात पिछाडी दिसते तशी नसते. एकाचे सात साधे बॉल, दुसऱ्याचे सात पट्टेवाले, आपले सातही घातल्यावर आठ नंबर. समोरच्याचे सहा बॉल गेलेत, तुमचे सातही टेबलावर आहेत. बघणारे मान हलवतात. पण त्याने सगळं साफ करायला हवं होतं, आणि ते झालं नाही. आता त्याला एक बॉल आणि आठ नंबर एवढंच लक्ष्य आहे, आणि तुमचे सात बॉल त्याच्या वाटेत चौकीदारासारखे उभे आहेत. तुम्हाला पांढरा लपवायला सात आडोसे, त्याला एकच.

मागच्या वर्षी मी नेमका याच्या चुकीच्या बाजूला होतो. माझा एकच पट्टेवाला उरला होता, तोही वरच्या कोपऱ्याजवळ कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, चिकटलेला. समोरचे काका सत्तरीच्या घरातले. त्यांनी घाई केलीच नाही. सोपा तीन नंबर भोकाच्या तोंडावर होता, तो घातला नाही. हळूच मरून सात नंबरला स्पर्श करून पांढरा त्याच्या मागे ठेवला. मी कुशनवरून मारायला गेलो, चुकलो, फाउल. त्यांनी पांढरा हातात घेतला, हवा तिथे ठेवला आणि गुंता सोडवला. पुन्हा लपवला, मी पुन्हा चुकलो. तीन नंबर भोकाच्या तोंडावर तसाच ठेवून त्यांनी ते भोकही माझ्यासाठी बुजवून टाकलं होतं, हे मला घरी जाताना कळलं.

म्हणून एट-बॉलमध्ये मागे असताना सुटे, सोपे बॉल पटापट घालणं ही सगळ्यात महागडी चूक. पूर्ण साफ करण्याची वाट दिसत नसेल तर हात लावू नका. मात्र फाउलनंतर पांढरा कुठेही ठेवता येतो की रेषेच्या मागेच, हे आधी विचारा. काही पार्लरमध्ये रेषेच्या मागेच ठेवू देतात. तिथे लपवाछपवीची किंमत निम्म्यावर येते.

टेन-बॉलबद्दल थोडक्यात. बॉल आणि भोक आधी सांगावं लागतं, तुक्का चालत नाही, दहा नंबर मधेच पडला तर परत टेबलावर येतो. इथे पुनरागमन उसनं मिळत नाही, सगळं स्वतःच्या हाताने करावं लागतं. पॉटिंग पक्कं नसेल तर यात नाव देऊ नका. स्ट्रेट पूल स्पर्धेसाठी सुचवतच नाही. एका बॉलला एक गुण, आणि समोरचा लागला तर लागलाच: विली मोस्कोनीने १९५४ मध्ये ओहायोत सलग ५२६ बॉल घातले, तेव्हा समोरच्याच्या खुर्चीचं काय झालं असेल! सरावाला मात्र त्यासारखं काही नाही.

उरला स्नूकर. इथे पिछाडीला आकडा असतो, हेच त्याचं सुख. लाल बॉल संपल्यावर टेबलावर सहा रंगांचे २७ गुण उरतात. तुम्ही २५ मागे असाल तर सगळे रंग हवेत. ३० मागे असाल तर रंगांबरोबर एक फाउलही काढायचाय, जो चार ते सात गुण देतो. म्हणजे टेबलावरचे गुण पुरले नाहीत तरी वाट संपत नाही. १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात डेनिस टेलर स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध ०-८ असा आठ फ्रेम (स्नूकरचे डाव) मागे होता. तिथून १७-१७. शेवटच्या फ्रेममध्ये चार रंग उरले तेव्हा डेव्हिस ६२-४४ पुढे. टेलरला चॉकलेटी, निळा, गुलाबी, काळा, चारही हवे होते: २२ गुण. त्याने पहिले तीन घातले, काळ्यावर दोघेही चुकले, आणि अखेर काळा टेलरने घातला तेव्हा अख्ख्या सामन्यात तो पहिल्यांदाच पुढे गेला. पण १९९२ च्या जागतिक अंतिम सामन्यात जिमी व्हाइट १४-८ पुढे होता आणि स्टीफन हेंड्रीने ओळीने दहा फ्रेम घेतल्या. व्हाइटचा बराच वेळ खुर्चीतच गेला. तीन फ्रेमच्या क्लब सामन्यात यातलं काहीच होणार नाही. पहिली गेली की गळ्याशीच येतं.

तेव्हा तुम्ही माझ्यासारखे उशिरा तापणारे असाल, खुर्चीत बसून डोकं थंड राहत असेल, तर एट-बॉल. खुर्चीत बसलं की हात थरथरत असेल, पण एक संधी मिळताच बॉल घालता येत असेल, तर नाइन-बॉल, तोही सामना किमान सातचा असेल तरच. स्नूकर पाच फ्रेमचा असेल आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी टेबल मिळत असेल तर जरूर. आणि फी भरायच्या आधी मार्करला गाठून ब्रेक कोणाचा ते विचारून घ्या. आयोजकांना बऱ्याचदा तेच माहीत नसतं.