छोट्या फाउंड्रीतील गुणवत्ता सुधारणा कार्यक्रम: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, काही महिन्यांपासून ‘फाइव्ह एस’ (कामाची जागा नीटनेटकी व आखीव ठेवण्याची जपानी पद्धत) आणि केंद्र सरकारच्या ‘झेड’ (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट: दोष नको, पर्यावरणाची हानी नको) प्रमाणपत्राची कांस्य ही पहिली पातळी अशी दोन्ही कामे बरोबरीने चालू आहेत. २०२२ मध्ये नव्या रूपात आलेल्या या योजनेत प्रमाणपत्राच्या शुल्कावर सूक्ष्म उद्योगांना ८०, लघु उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान आहे. त्यामुळे पैशांची अडचण फारशी आली नाही. जागा आखणे, भंगार हलवणे, फलक लावणे ही कामेही लवकर उरकली, आणि पाहुण्यांना तीच आधी दिसतात.

खरा कस लागला तो रिजेक्शनच्या, म्हणजे नाकारलेल्या खराब नगांच्या, नोंदीत. ब्लो होल (वायू अडकून धातूत पडलेली पोकळी) किंवा आत अडकलेली वाळू बहुधा ग्राहकाकडे मशीनिंग झाल्यावरच उघड होते, आणि तोवर त्या दिवशीची वाळू कधीच बदललेली असते. प्रत्येक कास्टिंगवरील (ओतीव नगावरील) हीट नंबर, म्हणजे तो भट्टीच्या कोणत्या वितळणीतला हे सांगणारा क्रमांक, आणि त्या पाळीतील वाळूच्या ओलाव्याची नोंद एकत्र ठेवू लागल्यावर दिसले की, परतीची (साचा मोडून परत आलेली) वाळू पुरेशी थंड न होता पुन्हा वापरली गेली त्या पाळ्यांत ब्लो होल जास्त होते. एरवी हा दोष सरसकट मोल्डरच्या (साचा बनवणाऱ्या कामगाराच्या) माथी मारला गेला असता.

मात्र हे कळण्याआधी मजुरीचा प्रश्न सोडवावा लागला. नगावर मजुरी आणि खराब नगाची कपात अशी पद्धत असेल, तर आपल्या हाताने कोणता मोल्डर दोष लिहील? कपात थांबवल्यावर नोंदीतील दोष एकदम वाढले, कारण लपवलेले नग बाहेर आले. सल्लागाराच्या आलेखात ही वाढ वाईट दिसली. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातील तोच पहिला विश्वासार्ह आकडा होता.

कागदपत्रांचा भार मात्र जास्त आहे. आमच्याकडे पाळीचा सुपरवायझरच वाळू तपासतो, भट्टी पाहतो आणि ट्रकही भरून घेतो. त्याच्याकडून अनेक तक्ते भरून घेणे अव्यवहार्य ठरले. आता रिजेक्शन आणि वाळू असे दोनच तक्ते रोज भरले जातात. रौप्य पातळीसाठी अर्ज इतक्यात करणार नाही, कारण रात्रपाळीचे रकाने अजूनही पहाटे एका दमात, एकाच पेनाने भरलेले दिसतात.