मोनो कॅसेटवरून '५.१ डॉल्बी' डीव्हीडी: असे पैसे उकळले जातात

लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी मारून देणारे आता बेळगावात मोजकेच उरलेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनेही २०१६ साली उत्पादन थांबवलं. त्यामुळे ज्याच्याकडे चालू डेक, त्याचाच शब्द शेवटचा. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मंडळी तर कॅसेट कुणाच्या तरी हाती पाठवतात आणि डिस्क आली की न बघताच पैसे मोजतात. या धंद्यात फसवायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे आवाज. चित्र बिघडलं तर लगेच दिसतं. आवाज बिघडला तर 'कॅसेटच जुनी हो' म्हणून हात झटकता येतात.

खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाला असाच चुना लागला. तीन तासांची लग्नाची कॅसेट होती. दुकानदार म्हणाला, "अण्णा, साधी डीव्हीडी कशाला? ५.१ डॉल्बी करून देतो की. होम थिएटरवर लावा, मंगलाष्टका चारी बाजूंनी ऐकू येतात बघा." ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्ज वाजवणारा एक सबवूफर अशा सहा चॅनेलचा वेगवेगळा आवाज. दर साध्या डीव्हीडीच्या दुपटीहून जास्त. डबीवर डॉल्बीचं चिन्हही छापून दिलं. घरी लावली तर भटजी फक्त डाव्या स्पीकरमधून बोलतायत, उजवा गप्प. परत नेल्यावर उत्तर मिळालं, तुमच्या टीव्हीचा स्पीकर गेलाय. वाद घातल्यावर दुसरी डिस्क दिली. तिच्यात सगळ्या स्पीकरमधून एकच आवाज आणि सबवूफरमधून अखंड घुंऽऽ.

दोन्ही वेळा नेमकं काय झालं ते बघू.

घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरला मागे-पुढे पांढरी आणि लाल अशी ऑडिओची दोनच भोकं असतात. त्यातून आत येतो तो दोन चॅनेलचा आवाज. रेकॉर्डर तो ४८ किलोहर्ट्झवर डॉल्बी डिजिटल २.० मध्ये, बहुतेक वेळा १९२ किंवा २५६ केबीपीएसने, डिस्कवर उतरवतो. म्हणजे डॉल्बी हा शब्द खोटा नाही, ५.१ खोटं आहे. त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटवर तर बहुधा एकच मोनो, म्हणजे एका चॅनेलचा, ट्रॅक असतो. पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, व्हीएचएसची टेप सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते, त्यामुळे कडेच्या त्या अरुंद ट्रॅकवर साधारण १० किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही उतरतच नाही. जे टेपवर नाही ते कुठलंही मशीन नव्याने आणू शकत नाही.

पहिल्या डिस्कमध्ये उजवा स्पीकर गप्प का होता? मोनो व्हीसीआरला ऑडिओ आउट एकच असतो. तो रेकॉर्डरच्या पांढऱ्या भोकात घातला आणि लाल मोकळं सोडलं की आवाज डावीकडेच उतरतो. काही रेकॉर्डरच्या पुढच्या इनपुटवर 'एल/मोनो' असं छापलेलं असतं, ते एकच वायर दोन्हीकडे वाटून देतात. बाकीच्यांना एकाची दोन होणारी वाय वायर लागते. चहा-भज्याच्या पैशांत मिळणारी वस्तू, तीसुद्धा लावली नव्हती.

दुसरी डिस्क कॉम्प्युटरवर केलेली होती. तोच मोनो आवाज सहा चॅनेलमध्ये चिकटवायचा आणि एसी-३ (डॉल्बी डिजिटलचंच दुसरं नाव) ५.१ म्हणून एन्कोड करायचा, झालं. मोनो ट्रॅकवर विजेची ५० हर्ट्झची घुरघुर बऱ्याचदा असते. साध्या टीव्हीच्या स्पीकरवर ती ऐकू येत नाही, पण सबवूफरच्या चॅनेलमध्ये ढकलली की खिडक्या थरथरतात. आणि सगळीकडून आवाज यावा एवढंच हवं असेल, तर बऱ्याच होम थिएटरच्या रिमोटवर प्रो लॉजिकचं, म्हणजे दोन चॅनेलचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारं, बटण आधीपासूनच असतं. त्याला पैसे पडत नाहीत.

डिस्क हातात आली की दुकानातच तपासा. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये चालू करून कंट्रोल आणि जे एकत्र दाबा, कोडेकची, म्हणजे आवाज-चित्र कुठल्या प्रकारात भरलंय त्याची, माहिती उघडते. रेकॉर्डरवर केलेल्या डिस्कमध्ये ऑडिओ ए५२, म्हणजेच एसी-३, चॅनेल स्टिरिओ आणि सॅम्पल रेट ४८००० हर्ट्झ दिसला पाहिजे. एलपीसीएम (न दाबलेला आवाज) किंवा एमपीईजी लेअर २ दिसलं तरी घाबरू नका, पाल डीव्हीडीत दोन्ही चालतात. '३एफ२आर/एलएफई', म्हणजे ५.१, असं दिसलं आणि मूळ कॅसेट व्हीएचएस असेल, तर तो वरचाच चिकटवाचिकटवीचा प्रकार. एमपी३ किंवा ४४१०० दिसलं तर ती डीव्हीडी-व्हिडिओ डिस्कच नाही. डिस्क उघडून बघा, व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर आणि त्यात व्हीओबी, आयएफओ फाइली हव्यात. नुसती एव्हीआय किंवा एमपी४ फाइल असेल तर जुन्या प्लेअरवर एक तर चालणारच नाही, नाहीतर चित्र येईल आणि आवाज येणार नाही.

४४.१ हा सीडीचा दर, डीव्हीडी-व्हिडिओत तो बसतच नाही. नीट बदल न करता तो ४८ म्हणून ढकलला तर आवाज जवळपास नऊ टक्के वेगाने पळतो, नवरदेवाचे आजोबा पोरासारखे बारीक आवाजात बोलतात. आवाज चित्रापासून थोडाच घसरत असेल तर सुरुवातीला कळत नाही. म्हणून डिस्क सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन जागी लावा आणि ताशेवाल्याची काडी ताशावर पडते त्याच क्षणी आवाज येतो का ते बघा.

तीन तासांची कॅसेट 'एकाच डिस्कवर, एलपीसीएम स्टुडिओ क्वालिटीत' असं कुणी म्हटलं तर तिथूनच उठा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ एलपीसीएम म्हणजे १५३६ केबीपीएस, तासाला जवळपास ६९० एमबी. डिस्क ४.७ जीबीची. त्यामुळे ज्या रेकॉर्डरमध्ये एलपीसीएम आहे त्यातही तो सहसा एक्सपी, म्हणजे तासाभराच्या मोडलाच मिळतो. एसपीत दोन तास बसतात, एलपीत चार, पण एलपीत बरेच रेकॉर्डर चित्राची आडवी रेझोल्यूशन अर्धी करतात आणि अक्षता पडताना नुसते चौकोन दिसतात. तीन तासांना एसपीत दोन डिस्क लागतात, आणि तेच बरोबर आहे.

मिनीडीव्ही कॅसेट असेल तर वेगळी खोच. १२ बिटवर शूट केलेल्या टेपवर ३२ किलोहर्ट्झच्या दोन स्टिरिओ जोड्या असतात. पहिल्यात मूळ आवाज, दुसऱ्यात मागून भरलेलं संगीत. रेकॉर्डरच्या डीव्ही इनपुटच्या सेटिंगमध्ये स्टिरिओ १, स्टिरिओ २ आणि मिक्स असे पर्याय असतात. चुकीचा निवडला की नुसती गाणी येतात किंवा काहीच येत नाही, आणि तुम्हाला सांगितलं जातं की टेपवरचा आवाज उडालाय.

घरी डिस्क 'नो डिस्क' दाखवते आणि दुकानवाला 'लॉक काढायचे' वेगळे पैसे मागतो, हेही चालतं. ते लॉक नसतं, डिस्क फायनलाइज, म्हणजे दुसऱ्या प्लेअरवर चालेल अशी बंद, केलेली नसते. त्याच रेकॉर्डरच्या डिस्क सेटअपमधलं काही मिनिटांचं काम, ते मूळ दरातच आलं.

दुरुस्तीतली लूट तर याहून सोपी. रेकॉर्डर ऑप्टिकल वायरने साउंडबारला जोडलाय, आवाज येत नाही, लगेच 'साउंड आयसी गेलाय'. पैसे देण्याआधी मेनूत डिजिटल आउट बिटस्ट्रीमवर (डॉल्बी तसाच पाठवणं) आहे का बघा आणि पीसीएम (आधीच उलगडून पाठवणं) करा. डॉल्बी न समजणारा बार पीसीएमवर बोलू लागतो. सिनेमाची एखादीच डिस्क मुकी असेल तर तिचा डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार) ट्रॅक बहुधा लागलेला असतो. ऑडिओचं बटण दाबून डॉल्बीचा ट्रॅक घ्या.

सेकंडहँड रेकॉर्डर घेताना 'एमपी३ पण चालतंय' याचा अर्थ एमपी३ वाजतं एवढाच, रेकॉर्ड होत नाही. आतला अॅनालॉग ट्यूनर केबल डिजिटल झाल्यापासून निकामी, सेट-टॉप बॉक्सच्या वायरीवरूनच रेकॉर्डिंग होतं. अमेरिका-जपानहून आलेलं मशीन असेल तर मागची पट्टी वाचा. १०० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० वर ते जळणार. सिनेमाच्या डिस्क कुठल्या भागातल्या मशीनवर चालायच्या तो रीजन क्रमांकही बघा: आपला रीजन ५, तिकडच्या मशीनचा १ किंवा २.

जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात राहिलेल्या कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. तशी कॅसेट साफ न करता लावली तर हेड तुंबतं, चित्रात बर्फ पडतं, आणि मग पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटवरही तेच.

मूळ कॅसेट परत घ्याच, 'टाकून देऊ का मावशी' म्हटलं तरी. पावतीवर, ती कन्नडमध्ये असली तरी हरकत नाही, व्हीएचएस ते डीव्हीडी-व्हिडिओ, एसपी मोड, दोन्ही चॅनेलला आवाज आणि फायनलाइज केलेली एवढं लिहून घ्या. ५.१ चे पैसे आधीच गेले असतील तर ही पावती आणि व्हीएलसीच्या खिडकीचा फोटो जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी पडत नाही.