बी.ए.ला तत्त्वज्ञान : तीन वर्षं वापरून दिलेला अभिप्राय

परवा पुतणीचा फोन आला. "काका, मेजर मराठी घेतलंय. मायनरला तत्त्वज्ञान घेऊ का? सगळे म्हणायलेत सोपं असतं." मिक्सर घ्यायचा असला की माणसं आधी वापरलेल्याला विचारतात, विषय घेताना कुणी विचारत नाही. हिनं विचारलं, म्हणून जरा लांबण लावून लिहितो. मी हा विषय २०१५ ते २०१८ अशी तीन वर्षं लातुरात वापरलाय. कॉलेजचं नाव घेत नाही. पाचपैकी साडेतीन तारे.

आधी खरेदी कशी झाली ते. मराठी आणि इतिहास ठरलेलं होतं, तिसरा विषय भूगोल हवा होता. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "भूगोल भरलाय. तत्त्वज्ञान टाकू का?" वरणात मीठ टाकू का, तसं. मी म्हणालो, टाका. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "कामून घेतलास? त्यानं काय होतंय?" उत्तर माझ्याकडं नव्हतं. पटावर आम्ही सात जण, वर्गात तीन. चौथा कधीकधी यायचा, तो पंख्याखाली बसायला.

शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते. हा विनोद मी केलेला नाही, शासनानं केलाय. सकाळी दुसऱ्या गावच्या कॉलेजात दोन तास घेऊन ते एसटीनं यायचे, गाडी चुकली तर आमचा तास चुकायचा. मानधन दिवाळीनंतर, तेही तुकड्यांनी. पण माणूस वर्गात आला की तिघांना शिकवायचा तो तीनशे जण बसल्यासारखा. साडेतीनातले दोन तारे सरांचे. त्यामुळं पुतणीला पहिली गोष्ट हीच सांगितली, की विषय बघू नको, शिकवायला माणूस आहे का ते आधी बघ. काही ठिकाणी हा विषय फक्त वेळापत्रकात असतो.

पहिल्या सत्रात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान थेल्सपासून सुरू झालं. इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातला हा मिलेटसचा माणूस, सगळ्या जगाचं मूलद्रव्य पाणी आहे म्हणणारा. हे आम्ही शिकलो त्या वर्षी पाऊस गेला होता, खोलीवर दोन बादल्यांत तिघांचं भागवायचं चाललं होतं आणि पुढच्या एप्रिलात तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग लातूर कशाचं बनलंय?" सर हसले नाहीत. फळ्याकडं वळून त्यांनी पुढचं नाव लिहिलं : अनॅक्झिमेनीज, मूलद्रव्य हवा.

आता नोट्सबद्दल, कारण अर्धा तारा तिथंच गेला. मराठीतली पुस्तकं ग्रंथालयाच्या एका कपाटात होती आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात. मग सगळा भार झेरॉक्सवर. आमच्याकडं आलेली प्रत झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती आणि कुणीतरी कागद तिरका लावल्यामुळं डावीकडची अक्षरं उडाली होती. दुसऱ्या विषयात हे चाललं असतं, इथं नाही. ओळीच्या सुरुवातीचा 'अ' गेला की 'अनित्य'चं 'नित्य' होतं. बुद्धाच्या मते सर्व काही नित्य आहे, असं मी पानभर लिहून आलो. वैशेषिक दर्शनातला सातवा पदार्थ, म्हणजे असण्याचा सातवा प्रकार, 'अभाव', तो माझ्या पेपरात 'भाव' झाला. आणि वेदान्ताच्या टिपेत 'ज्ञान हेच बंधाचं कारण आहे' असं ठासून लिहिलं. तिन्ही उत्तरांना बरे मार्क पडले. तपासणाऱ्याकडंही तीच झेरॉक्स असावी.

परिभाषेचंही अवघड आहे. 'प्रागनुभविक', 'निरपेक्ष आदेश', 'अतिशायी' असले शब्द आले की इंग्रजीच बरं वाटायला लागतं. त्यासाठी १९७४ साली निघालेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश कुठं हाती लागला तर सोडू नका. मला तो तिसऱ्या वर्षी, परीक्षेच्या आठ दिवस आधी दिसला. शिपाईमामा रजेवर होते म्हणून कपाट दुसऱ्यानं उघडलं.

पण ज्याच्यासाठी हा विषय घ्यावा, ते तर्कशास्त्र. ॲरिस्टॉटलचं तीन ओळींचं, सर्व माणसं मर्त्य, सॉक्रेटिस माणूस, हे पाठ करून सुटता येतं. आपल्याकडच्या न्यायदर्शनाचं पाच पायऱ्यांचं अनुमान तसं सुटू देत नाही. प्रतिज्ञा : डोंगरावर आग आहे. हेतू : कारण धूर आहे. उदाहरण : जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघर. उपनय : या डोंगरावर तसाच धूर आहे. निगमन : म्हणून तिथं आग आहे. शेकडो वर्षांपासून चालत आलेलं हे उदाहरण स्वयंपाकघरातलं आहे, हे मला फार आवडलं. उलट बाजूचं उदाहरणही लागतं : जिथं आग नाही तिथं धूर नाही, जसं तळं. यावर वर्गात खसखस पिकली, कारण त्या साली आमच्या आटलेल्या तळ्यात गाळपेर, म्हणजे गाळातली पेरणी, होती आणि कुणीतरी तिथं धसकटं पेटवली होती.

मग सरांनी उलटं विचारलं. धूर असला की आग असते, तर आग असली की धूर असतो का? आम्ही तिघंही हो म्हणालो. सरांनी लोखंडाच्या तापलेल्या गोळ्याचा दाखला दिला, पुस्तकात तोच आहे. मला तो पटला नाही. तापलेला गोळा मी कधी बघितला नव्हता. शनिवारी गावी गेलो, तर आई चुलीत तुराट्या घालत होती. वाळलेल्या तुराट्या कशा भडभड जळतात, धूर जवळजवळ नाहीच. दोन दिवस आधी शिंतोडे पडले होते, पेंढीच्या खालच्या काड्या ओलसर. त्या घातल्या आणि आई डोळे पुसत बाहेर आली. आगीला धूर लागायला सरपण ओलं लागतं. ही जी मधली लपलेली अट, तिला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, उपाधी म्हणतात. सोमवारी सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पुस्तकातही ओलं इंधनच लिहिलंय. तू घरी बघून आलास, हे बरं केलंस." तीन वर्षांत मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

तक्रार आहे ती अभ्यासक्रमाच्या नकाशाबद्दल. आम्ही अथेन्सला जाऊन आलो, कांटच्या क्योनिग्सबर्गला जाऊन आलो, अंबाजोगाईला गेलो नाही. मुकुंदराजांची समाधी तिथं आहे. त्यांनी अद्वैत मराठीत मांडलं, परंपरेनं शके १११० म्हणजे इ.स. ११८८ मध्ये. मी तिथं गेलो ते चुलतभावाच्या लग्नात, नवरदेव तयार होईपर्यंत वेळ काढायला. तसंच मिलिंदचं. एका कामासाठी छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाच्या पाटीपुढून रिक्षा गेली आणि डोक्यात उजेड पडला. बाबासाहेबांनी १९५० साली काढलेल्या कॉलेजाला नाव कुणाचं, तर प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद नावाच्या ग्रीक राजाचं. आणि परिसराला त्याला उत्तर देणाऱ्या बौद्ध भिक्खूचं, नागसेनाचं. रथ म्हणजे चाक का, आस का, जू का, असं विचारत विचारत नागसेन 'मी' नावाची वस्तूच हातातून काढून घेतो. आम्हाला ग्रीक एका पेपरात होते, बौद्ध दुसऱ्यात. त्या दोघांची गाठ पडली होती, हे रिक्षात कळलं. इथं एक तारा पूर्ण कापला.

नोकरीचं विचाराल तर, या विषयानं नोकरी लागत नाही. यूपीएससीला हा वैकल्पिक विषय आहे, २५० गुणांचे दोन पेपर, आणि २०१३ पासून सामान्य अध्ययनातही नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे. म्हणून पुष्कळ पोरं हा विषय घेतात. पण 'टिपा लिहा'च्या जोरावर ते पेपर निघत नाहीत, माझा रूम पार्टनर दोनदा आपटून आलाय. घ्यायचा असेल तर त्या आशेवर घेऊ नका.

मी आता लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहे. मागच्या हंगामात एका खरेदीदारानं एका शेतकऱ्याच्या सोयाबीनच्या पोत्यात हातही न घालता सांगितलं, "चार दिवस पाऊस चाललाय, माल ओलाय, भाव कमी लागंल." माझ्या तोंडून निघून गेलं, "शेठ, उपाधी राहिली." तो बघतच राहिला. मग साध्या मराठीत सांगितलं, की पाऊस उघड्यावरच्या मालावर पडतो, ह्यांची रास पावसाच्या आधी झालीय आणि माल घरात होता. मशीन लावलं, मॉइश्चर अकरा टक्के निघालं, म्हणजे बाराच्या मर्यादेच्या आत. अनुमान खोटं ठरलं. भाव मात्र शंभरानं कमीच लागला, आता म्हणे दाणा बारीक. तो शेतकरी मला नंतर चहा पाजत म्हणाला, "तुम्ही काय बोललाव ते कळलं नाही, पण बोललाव ते बरं झालं."

पुतणीला हो म्हणून सांगितलंय. तिच्या कॉलेजात शिकवायला मॅडम आहेत, त्याही तासिकांवरच, पण रोज येतात असं ती म्हणते. माझी जुनी झेरॉक्स माळ्यावरून काढली आणि रोज रात्री जेवण झाल्यावर लाल पेनानं ओळीओळीच्या सुरुवातीचे गेलेले 'अ' भरत बसतो. बौद्धमत झालंय. वेदान्ताची आठ पानं राहिलीत.