टाकीचा खळगा आणि माझी अक्कल

एकोणीस हजार सहाशे पन्नास रुपये गेले. आकडा अक्षरी लिहितोय, म्हणजे वाचणाऱ्यालाही टोचेल. शिवाय बाबांच्या गाडीची पेट्रोलची मूळ टाकी गेली, तिची किंमत यात धरलेली नाही.

गाडी १९८४ची प्रीमियर पद्मिनी. ५० वर्षं झाली नाहीत म्हणून सरकारी व्याख्येत अजून व्हिंटेजही नाही, नुसतीच म्हातारी. टाकीतलं फ्लोट युनिट, म्हणजे पेट्रोल किती उरलंय ते काट्याला कळवणारा तरंगता भाग, सडलं होतं. काटा कायम अर्ध्यावर, आणि सक्शन पाइपला गंजाने भोक पडलेलं. मी ३१ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. ठरवलं, घरीच करू. इंदुरात रामबागेतल्या ओट्यावर बसून जुन्या युनिटची मापं घेतली, पुठ्ठ्याची प्लेट कापली, फ्लोटच्या दांडीचा वळसा तारेने बसवून पाहिला. ड्रॉइंग असं केलं की कुणीही ते पाहून काम केलं असतं. अडलं फक्त कापणं आणि वेल्डिंग. ती यंत्रं घरी नाहीत.

सियागंजमध्ये ओळखीच्या दुकानदाराने एक फॅब्रिकेटर, म्हणजे पत्रा कापून वेल्ड करणारा कारागीर, सुचवला. आल्या आल्या म्हणाला, "काका, काळजी करू नका. असं काम इंदुरात मीच करतो." मराठी ऐकलं आणि मी निम्मा तिथेच विरघळलो. इंदुरात कामाच्या माणसाने "काका" म्हणणं अजून आपल्याला जिंकतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

प्लेट आणि पाइप ३०४ स्टेनलेसचे, म्हणजे न गंजणाऱ्या पोलादाचे, असं ठरलं. हट्ट उगाच नव्हता. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त त्यात टिकत नाही, पांढरा गाळ होऊन कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत, जेटमध्ये, बसतं. हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं. म्हणजे कुठे फसवायचं ते मीच दाखवून दिलं.

६,००० ऍडव्हान्स मोबाइलवरून. चार दिवसांनी शीट-पाइपचे ४,५०० रोख. मग "वेल्डिंगचा आर्गॉन गॅस महाग झालाय", ३,२०० रोख. मग टाकी आतून कोटिंग करून देतो म्हणून २,८००, तेही रोख. पावती मागितली तर म्हणाला, "काका, बिल घेतलंत तर जीएसटी लागेल." वाचला म्हणून मी खूश! ही एकच गोष्ट पुरे होती. जो बिल द्यायला कचरतो, त्याच्या दुकानातून उठून यायचं. कोटिंग, टेस्टिंग, काही निमित्त असो.

टेस्टिंगसाठी टाकीही त्याच्याकडे नेऊन ठेवली. ही दुसरी घोडचूक. नमुना म्हणून पुठ्ठा द्या, ड्रॉइंग द्या, मूळ वस्तू देऊ नका. द्यावीच लागली तर कोपऱ्यात पंचने खूण करा आणि फोटो काढा. मी फोटो काढला नाही, कारण खूण आधीपासूनच होती. ओंकारेश्वरच्या वाटेवर पंक्चर काढताना बाबांच्या हातून जॅक लागून तिला रुपयाच्या नाण्याएवढा खळगा पडला होता. मी नववीत होतो, आणि ते त्या खळग्यावर दोन दिवस हळहळत होते.

आता तो क्षण. अकराव्या दिवशी टाकी घ्यायला गेलो. चांदीचा रंग मारलेली, झकपक. मी हात फिरवला. खळगा नाही! त्याने माझा चेहरा वाचला आणि लगेच म्हणाला, "तो पोचा काढून दिला, काका. त्याचे पैसे घेणार नाही." आणि मी, एकतीस वर्षं मिलिमीटर मोजलेला माणूस, त्याला "धन्यवाद" म्हणालो. टाकीच दुसरी आहे हे मनात आलंच नाही असं नाही. आलं, आणि मी ते झटकलं. कारण मान्य केलं असतं तर त्याच क्षणी भांडावं लागलं असतं.

चुंबक मात्र खिशात होतं, कारण खऱ्या ३०४ला ते चिकटत नाही. प्लेटला लावलं, टपकन चिकटलं. तो शांतपणे म्हणाला, वेल्डिंग आणि वाकवल्यामुळे ३०४लाही चुंबक लागतं. इथेच त्याची हुशारी: यात अर्धं सत्य आहे. वाकवलेल्या कडेला किंचित लागतं, पण सपाट प्लेटला असं टपकन नाही. हे मला माहीत होतं. तरी मान डोलावली.

महिन्याभरात गाडी पलासियाला भर रस्त्यात बंद पडली. टोइंगचे ८००, कार्ब्युरेटर आणि पंप साफ करायचे २,३५०. मेकॅनिकने रंग खरवडला तर आत एम-सीलचं थिगळ, पेट्रोलमध्ये फुगून सुटलेलं. डिकीत वास भरलेला. ठिणगी पडली असती तर हे लिहायला मी नसतो. टाकी गाडीत बसवण्याआधी सुटी ठेवून २४ तास केरोसीनने भरून बघायची, एवढं तरी मी करायला हवं होतं. आणि पेट्रोलची टाकी धुऊन वाफ काढल्याशिवाय कुणालाही वेल्ड करू देऊ नका, कितीही जुना मिस्त्री असो.

त्याचा फोन बंद. दुकानाला नवीन कुलूप.

पोलिसांत गेलो. "अंकल, ये तो सिविल मैटर है." मी म्हटलं, नमुन्याची टाकी बदलून भंगार देणं दिवाणी कसं? मग म्हणे दुकान दुसऱ्या हद्दीत. दुसऱ्या ठाण्यात म्हणे पैसे तुम्ही घरून पाठवले, तिकडे जा. तीन फेऱ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगितलं, की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवता येतो. साहेब हसले आणि विचारलं, "आप वकील हैं?" शासकीय हेल्पलाइनवर तक्रार टाकली तर नवव्या दिवशी मेसेज आला: तक्रारदार समाधानी, प्रकरण बंद. माझ्या समाधानाची बातमी मलाच त्या मेसेजमधून कळली!

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. पण १०,५०० रोख दिल्याचा माझ्याकडे चिठोराही नाही. पुरावा फक्त ६,०००चा.

बायको म्हणते, गाडीच विकून टाका. विकीन, पण टाकी सापडल्यावर. कुणाकडे पद्मिनीची टाकी विकायला आली आणि कोपऱ्याजवळ रुपयाएवढा खळगा दिसला, तर मला कळवा. पैसे मी देईन, पावती घेऊन.